तोंडी नकाराला अपील नसते : वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी महाराष्ट्रात जे कायदे आणि ज्या शासकीय योजना आहेत, त्यांविषयी आलेल्या पत्रांतून या अंकासाठी सात पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे दिलेली नाहीत, आणि लांब पत्रांचा गाभा तेवढाच ठेवला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येते : ‘होत नाही असे सांगितले, म्हणून परत आलो.’ कोणी सांगितले, कशाच्या आधारे सांगितले आणि लिहून दिले का, हे मात्र पत्रात नसते, कारण तेवढे विचारण्याची सोय त्या माणसाला तिथे वाटलेली नसते. म्हणून बहुतेक उत्तरे शेवटी याच मुद्द्यापाशी येतील, त्याला इलाज नाही.

प्रश्न : माझ्या पतीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. मी शेतमजुरी करते. दहा आणि सात वर्षांची दोन मुले आहेत. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात गेले, तेव्हा दाखल्यावर वार्षिक उत्पन्न ३६ हजार रुपये आहे, अर्ज चालणार नाही, असे म्हणून कागद परत दिले. शेजारीपाजारी म्हणतात, वीस हजारांचा दाखला काढून आण, सगळे तसेच करतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपले पत्र सर्वांत आधी घेतले आहे, कारण आपल्यासारखी पत्रे सर्वांत जास्त येतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून चालू आहे. पासष्ट वर्षांखालील निराधार विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित महिला, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्ती, अनाथ मुले अशा अनेकांचा तीत समावेश होतो. अट अशी आहे, की कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. जुलै २०२३ मध्ये अनुदान दरमहा एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. विधवांसाठीची उत्पन्नाची मर्यादा मात्र जिथल्या तिथे राहिली. २१ हजारांना ३६५ ने भागले, तर दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. रोजगार हमीच्या कामासाठी महाराष्ट्राचा २०२५-२६ चा मजुरी दर दिवसाला ३१२ रुपये होता. याचा अर्थ, जी विधवा वर्षातून ६८ दिवस सरकारच्याच कामावर, सरकारनेच ठरवलेल्या दराने जाते, ती सरकारच्याच दुसऱ्या टेबलावर निराधार उरत नाही. हा आकडा बदलल्याशिवाय या योजनेला तिच्या नावातला शब्द शोभणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि दोन मुलांना घेऊन मजुरीवर जगणाऱ्या बाईला या आकड्यापुढे अपराधी वाटण्याचे काहीच कारण नाही.

तरीही खोटा दाखला काढू नका. जे काढतात त्यांना मी नावे ठेवणार नाही. उपाशी मूल समोर असताना माणसाला असा पेच घालणारा नियमच सदोष आहे. पण उत्पन्नाचा दाखला आपल्याच घोषणापत्रावर मिळतो, आणि त्यातली माहिती खोटी ठरली, तर अनुदान बंद होते, घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते आणि गुन्हाही नोंद होऊ शकतो. त्या वेळी ‘सगळे तसेच करतात’ म्हणणारा शेजारी बरोबर येत नाही.

त्याऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात. ग्रामपंचायतीत २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी असते. तीत पतीच्या किंवा सासऱ्यांच्या कुटुंबाचे नाव आहे का, हे आधी तपासावे, कारण नाव असल्यास त्याच आधारावर अर्ज करता येतो. दुसरे, ३६ हजार हा आकडा कसा आला ते तलाठ्याला विचारावे. शेतमजुराचे उत्पन्न मोजताना महिन्याचा ठोकताळा बारा महिन्यांनी गुणला जातो, हे मी अनेक अहवालांत पाहिले आहे. पण कोरडवाहू गावात उन्हाळ्याचे तीन-चार महिने काम कुठे असते? प्रत्यक्ष मजुरीचे दिवस लिहून देऊन फेरचौकशीची मागणी करण्यात काहीही गैर नाही. तो आकडा खरोखरच २१ हजारांच्या वर निघाला, तर ही योजना आपल्याला मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण याहून मोठी मदत दुसऱ्या विभागाकडे आहे आणि तिची माहिती आपल्याला खिडकीवर कोणी दिलेली दिसत नाही. महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेत, एक पालक गमावलेल्या आणि संगोपनाची अडचण असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती. मदत प्रत्येक मुलामागे असते आणि तिचा आदेश बाल कल्याण समिती देते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावा लागतो. पतीचा मृत्यू दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, आधार कार्डे आणि बँक खात्याची माहिती बरोबर न्यावी. याखेरीज दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. त्या यादीत नाव सापडले, तर हा अर्जही विलंब न लावता करावा.

आणि शेवटी महत्त्वाचे. आपले कागद परत दिले, म्हणजे आपला अर्ज नामंजूर झाला असे होत नाही. कागदोपत्री आपण कधी अर्जच केला नाही, असे होते. पुढच्या वेळी अर्ज कार्यालयाच्या आवक टपालात द्यावा, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी, आणि निर्णय लेखी मागावा. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढे एक वाक्य लिहून अर्ज करावा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

प्रश्न : सून घरी येऊन तीन वर्षे झाली, नातू झाला, तरी दोघांच्या वाट्याचे धान्य मिळत नाही. दुकानदार म्हणतो, इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक म्हणजे काय, आणि तो कधी शिल्लक होणार?

उत्तर : काका, इष्टांक म्हणजे ठरवून दिलेली कमाल संख्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना सवलतीचे धान्य द्यायचे आहे. ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेला लावून महाराष्ट्रासाठी सुमारे सात कोटींचा आकडा निघाला आणि तो जिल्हा-तालुक्यांत वाटून दिला गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे २०११ नंतर जन्मलेली मुले आणि लग्न होऊन आलेल्या सुना यांच्यासाठी जागा तेव्हाच होते, जेव्हा यादीतले कोणी मरण पावते, गाव सोडून जाते किंवा अपात्र ठरते. कायदा लोकसंख्येच्या प्रमाणात हक्क देतो आणि लोकसंख्या मात्र जुनीच धरली जाते, यात आपल्या नातवाची काय चूक आहे, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

आपल्या घरापुरते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानदाराने ते एकत्र केले आहेत. शिधापत्रिकेत नाव चढवणे ही एक गोष्ट आणि चढलेल्या नावावर धान्य सुरू होणे ही दुसरी. नाव चढवण्याला इष्टांकाचा काहीही अडसर नाही. सुनेचे माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, विवाहाचा पुरावा आणि बाळाचा जन्म दाखला जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येते, म्हणून तिला मुदत आहे आणि मुदत उलटल्यास अपील आहे. नाव चढल्यावर धान्यासाठी समावेशाचा वेगळा लेखी अर्ज त्याच शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी. जागा रिकामी होते तेव्हा ज्याचा अर्ज फायलीत असतो त्याचाच विचार होतो. दुकानदाराशी झालेले बोलणे कुठल्याही फायलीत नसते.

प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये आहे, तीही पाहून घ्यावी. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतात, तर अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो मिळतात. म्हणजे आपले कार्ड अंत्योदयचे असेल, तर नावे वाढूनही धान्य वाढणार नाही. हे सर्व धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, त्यामुळे कोणी पैसे घेत असेल, तर ती थेट तक्रारीची बाब आहे. आणखी एक : आपले कार्ड केशरी असून कुटुंब शेतकरी असेल, आणि आपण मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच किंवा वर्धा यांपैकी एखाद्या जिल्ह्यात राहत असाल, तर अन्नसुरक्षेच्या यादीबाहेरच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी दरमहा १७० रुपये खात्यावर देण्याची राज्याची स्वतंत्र योजना आहे, तिची चौकशी करावी.

प्रश्न : उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र आणा, असे सांगितले. दोन दिवसांची मजुरी त्यातच गेली. हे आवश्यक आहे का?

उत्तर : नाही. जात, उत्पन्न, रहिवास असे दाखले काढण्यासाठी किंवा शासकीय कार्यालयात सादर करण्यासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने माफ केलेले आहे. साध्या कागदावर चालते. पुन्हा कोणी मागितल्यास ‘ही मागणी लिहून द्या’ एवढेच नम्रपणे म्हणावे.

प्रश्न : वडिलांना रात्री छातीत दुखू लागले म्हणून जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले. ते विश्वस्त संस्थेचे आहे असे नंतर कळले. आधी पन्नास हजार भरा, मगच दाखल करू, असे काउंटरवर सांगितले गेले. आम्ही वडिलांना सरकारी रुग्णालयात हलवले, ते वाचले. पण कायदा काय सांगतो? आमचे वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे.

उत्तर : वडील वाचले हे वाचून बरे वाटले. कायदा या बाबतीत फार स्पष्ट आहे, इतका, की तो माहीत नसल्यामुळे काय काय गमवावे लागते याचा विचार करवत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये ‘४१ कक’ हे कलम आहे. धर्मादाय संस्था म्हणून करांत आणि इतर बाबतींत सवलती घेणाऱ्या रुग्णालयांवर ते गरीब रुग्णांची जबाबदारी टाकते. हे कलम बराच काळ कागदावर राहिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने एक योजना ठरवून दिली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे अशा रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायची असते. उत्पन्नाची मर्यादा निर्धन रुग्णासाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. आपले वडील निर्धन या व्याख्येत सरळ बसतात.

यातला बारकावा लक्षात ठेवावा. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, आणि औषधे, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे यांचा खरेदी किमतीने होणारा खर्च त्या निधीतून भागवायचा असतो. दुर्बल घटकातील रुग्णाला मात्र औषधे, साहित्य आणि उपकरणे यांच्या खरेदी किमतीतला किमान निम्मा भाग स्वतः भरावा लागतो. हा फरक माहीत नसला, की बिल हातात आल्यावर दुर्बल घटकातल्या माणसाला फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि निर्धन माणूस जे भरायचे नाही तेही भरून मोकळा होतो.

आता आपला मूळ प्रश्न. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने ताबडतोब दाखल करून घेतले पाहिजे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवण्यासाठी आवश्यक ते उपचार केले पाहिजेत, आणि त्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. पुढे सरकारी रुग्णालयात हलवण्याची गरज पडली, तर वाहनाची व्यवस्थाही त्याच रुग्णालयाने करायची असते. आपल्याला जे सांगितले गेले ते या योजनेचे थेट उल्लंघन होते. प्रसंग टळला असला, तरी जिल्ह्यातील धर्मादाय आयुक्त कार्यालयात तारीख, वेळ आणि काउंटरवर झालेले बोलणे नमूद करून लेखी तक्रार अवश्य द्यावी. पुढच्या कुणाच्या तरी वडिलांना तिचा उपयोग होईल.

पत्रे लिहिणाऱ्या इतरांनी दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. आपल्या जवळचे कोणते रुग्णालय धर्मादाय आहे हे आजारपण नसताना शोधून ठेवावे. रुग्णालयाच्या इमारतीवरून ते कळत नाही, धर्मादाय आयुक्तांच्या यादीवरून कळते. आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका यांच्या प्रती घरात एका ठिकाणी ठेवाव्यात. रुग्णालयात गेल्यावर काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा वैद्यकीय समाजसेवकाला भेटून ‘निर्धन रुग्ण निधीतून उपचार हवे आहेत’ असा लेखी अर्ज द्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना याहून वेगळी आहे. ती विमा संरक्षणाची योजना आहे आणि तिच्यात सहभागी रुग्णालयांतच ती चालते. एखादे धर्मादाय रुग्णालय त्या योजनेत नसले, तरी विश्वस्त संस्था म्हणून कलम ४१ कक ची जबाबदारी त्याच्यावर राहतेच, हे ठामपणे सांगावे.

प्रश्न : मी शहरात एका दुकानात काम करतो. उत्पन्नाचा दाखला ७० हजारांचा आहे. कुठे म्हणतात तुम्ही गरीब, कुठे म्हणतात नाही. मुलीच्या मोफत प्रवेशासाठी विचारले, तर जवळ महापालिकेची शाळा आहे म्हणून खासगी शाळेत प्रवेश मिळणार नाही, असे सांगितले. मी नेमका कोण आहे?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी बराच वेळ मनात घोळवला. कायद्याचे उत्तर असे, की आपण कोण आहात हे आपण कोणत्या टेबलासमोर उभे आहात यावर ठरते. निराधार योजनेची मर्यादा २१ हजार, म्हणून तिथे आपण गरीब नाही. शहरी प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ५९ हजार, म्हणून अकरा हजारांच्या फरकाने आपण धान्यालाही अपात्र. शिधापत्रिकेच्या नियमांत १५ हजार ते एक लाख उत्पन्नाला केशरी कार्ड, ते आपल्याला मिळते. शाळा प्रवेशासाठी मर्यादा एक लाख, तिथे आपण दुर्बल घटक. धर्मादाय रुग्णालयात १ लाख ८० हजारांच्या आत म्हणून निर्धन. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, तिथे आपल्या घरातल्या महिला पात्र ठरू शकतात. प्रत्येक विभागाने आपापल्या काळात आपापला आकडा ठरवला, पुढे कोणी वाढवला, कोणी नाही. हे सर्व आकडे दर काही वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढतील, अशी तरतूद विधिमंडळाने एका छोट्या कायद्याने करावी, असे मला वाटते. तोपर्यंत आपण एवढेच करू शकता, की एका ठिकाणी नकार आला म्हणून दुसरीकडे विचारायचे सोडायचे नाही.

प्रवेशाबद्दल आपल्याला जुनी माहिती मिळाली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून वगळले होते. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये त्या बदलाला स्थगिती मिळाली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द झाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे त्यात हस्तक्षेप केला नाही. नियमाने मूळ कायद्याने दिलेला हक्क कापता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे. तेव्हा पुढच्या वर्षीच्या ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेत अर्ज करावा. आपण अनुसूचित जाती वा जमातीत मोडत असाल, तर उत्पन्नाची अटही लागत नाही.

प्रश्न : लाडकी बहीण योजनेचे पैसे नियमित येत होते, ते अचानक थांबले. बँकेत विचारले, अंगणवाडीताईंना विचारले, कोणालाच सांगता येत नाही. अपील कुठे करायचे?

उत्तर : आधी व्यवहाराचे पाहू. खाते आधारशी जोडलेले आहे का, ई-केवायसी पूर्ण झाली आहे का, आणि घरात चारचाकी, आयकर किंवा सरकारी नोकरी यांपैकी कशाची नोंद आपल्या नावावर आली आहे का, ही नेहमीची कारणे. आपल्याला निराधार योजनेचे दीड हजार मिळत असतील, तर दोन्ही मिळत नाहीत. ‘नमो शेतकरी’चा लाभ असेल, तर फरकाचे पाचशे रुपयेच येतात. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन थांबवण्याचे कारण लेखी मागावे.

अपिलाबद्दल मात्र कटू वाटले तरी खरे तेच सांगतो. ही योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. विधिमंडळाने तिच्यासाठी कायदा केलेला नाही. कायदा असतो तेव्हा त्यात हक्क कोणाचा, देणारा अधिकारी कोण, मुदत किती, अपील कोणाकडे आणि चुकल्यास दंड काय, हे लिहिलेले असते, आणि ते बदलायचे, तर सभागृहात चर्चा होऊन मतदान व्हावे लागते. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयातूनच बदलतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये ठेवले होते, आदल्या वर्षी तरतूद त्याहून मोठी होती. एवढ्या मोठ्या रकमेची आणि एवढ्या घरांच्या महिन्याच्या हिशेबाची गोष्ट कायद्याविना चालवू नये, असे मी योजनेच्या बाजूने उभा राहूनच म्हणतो. ज्या बाईने या दीड हजारांवर मुलाच्या शिकवणीची फी बांधली, तिला पुढच्या महिन्याची खात्री हवी.

तरीही आपला हात अगदी रिकामा नाही. शासन निर्णय शासनाला स्वतःलाही बांधतो. त्यातल्या निकषांत बसणाऱ्या एकीला देऊन दुसरीला कारण न सांगता वगळणे समानतेच्या घटनात्मक तत्त्वात बसत नाही. कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तिथे आपला अर्ज आणि पोच घेऊन जावे.

प्रश्न : आपण दर अंकात लोकांना सरकारी पैसे कसे मिळवावेत हे शिकवता. आम्ही नोकरदार प्रामाणिकपणे कर भरतो. फुकट वाटपाने माणसे आळशी होतात, असे वाटत नाही का?

उत्तर : आपला प्रश्न रागाने विचारलेला असला, तरी प्रामाणिक आहे, आणि म्हणून टाळत नाही.

फुकट वाटप आणि हक्क यांतला फरक महाराष्ट्राने देशाच्या आधी ओळखला होता. विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे हे तासगाव भागातले. मागेल त्याला काम देता येईल का, याचा विचार करताना त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात त्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात हीच कल्पना राज्यभर कामाला आली. माणसे खडी फोडत होती, बंडिंग करत होती, पाझर तलाव खोदत होती, आणि घरची चूल त्या मजुरीवर पेटत होती. दुष्काळ संपल्यावर हे काम थांबवता आले असते. त्याऐवजी विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, ही सरकारवर कायद्याने टाकलेली जबाबदारी होती. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००५ मध्ये आला. उन्हात दिवसभर कुदळ चालवून मजुरी मागणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे आपल्यालाही जमणार नाही, याची मला खात्री आहे. आणि ज्यांना कुदळ उचलता येत नाही, अशा वृद्ध, अपंग आणि लहान मुलांच्या आया यांच्यासाठीच्या मदतीला आळसाचा प्रश्न लागूच होत नाही.

कराविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वरच्या पत्रातली शेतमजूर बाई आयकर भरत नाही हे खरे, पण साबण, चप्पल, औषध, मोबाइलचे रिचार्ज यांवर ती आपल्याइतक्याच दराने वस्तू व सेवा कर भरते, आणि तिच्या मिळकतीच्या मानाने तो आपल्यापेक्षा जड पडतो. आपण दोघेही करदाते आहात.

राहिला आपल्या पैशांचा प्रश्न. रोजगार हमीसाठी पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करून दिले. शहरातल्या नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी थोडे द्यायचे, तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या माणसाच्या कामाची हमी पुरी करायची, अशी ती रचना होती. आपल्या पगारपत्रकावर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, अशी वर्षाला अडीच हजारांची जी व्यवसाय कराची वजावट दिसते, ती त्याच कायद्याखालची आहे.